दिशासंदर्भांचा संघर्ष

दिशासंदर्भांचा संघर्ष म्हणजे एकाच जागेची दोन चित्रे मनात उभी राहून ती जुळेनाशी होणे; मेंदूला मग त्यांचा मेळ घालावा लागतो. डावे, उजवे, पुढे, मागे हे शब्द बोलणाऱ्याच्या अंगाला धरून असतात, म्हणून त्या संदर्भाला आत्मकेंद्री म्हणतात. सूर्य, डोंगर, नदी यांना धरून सांगितलेली दिशा बाह्यकेंद्री. समोरच्या माणसाच्या जागी स्वतःला कल्पून पाहणे हा तिसरा प्रकार असून संघर्षाचा बराच अभ्यास त्यावर झालेला आहे.

खानदेशात याचे उत्तम उदाहरण तापी नदी आहे. तीर ठरवताना प्रवाहाच्या दिशेला तोंड केले आहे असे मानतात. तापी पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे तिचा डावा तीर दक्षिणेचा व उजवा उत्तरेचा. पूर्ववाहिनी गोदावरीच्या बाबतीत हे नेमके उलटे होते. भुसावळच्या बाजूने नदीकडे पाहणाऱ्याला पाणी डावीकडे जाताना दिसते, यावलच्या बाजूने पाहणाऱ्याला तेच पाणी उजवीकडे जाते. ‘पाणी मावळतीला जाते’ एवढे म्हटले, की दोघांचे एकमत होते. उत्तरेला सातपुडा व दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग असल्याने अशी बाह्यकेंद्री भाषा या खोऱ्यात सोयीची आहे.

मेंदूतील रचनेबद्दल आज बरीच स्पष्टता आहे. ओकीफ व दोस्त्रोव्हस्की या संशोधकांनी १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती व जागेची जाण यांच्याशी निगडित मेंदूच्या भागात, विशिष्ट ठिकाणी आल्यावरच सक्रिय होणाऱ्या ‘स्थानपेशी’ नोंदवल्या. डोके कोणत्या दिशेला वळले आहे हे दर्शवणाऱ्या पेशी त्यानंतर उजेडात आल्या व २००५ मध्ये मोझर या संशोधक दांपत्याच्या प्रयोगशाळेने जागेवर जाळीसारख्या समान अंतराच्या ठिकाणी सक्रिय होणाऱ्या ‘जाळीपेशी’ दाखवल्या. ओकीफ व मोझर दांपत्य यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाह्यकेंद्री नकाशा हिप्पोकॅम्पसच्या बाजूला, तर अंगाला धरून असलेली मांडणी पार्श्विक खंडात (पॅरायटल लोब), अशी ढोबळ विभागणी केली जाते. या दोहोंमधील भाषांतर मेंदूच्या मागच्या बाजूच्या रेट्रोस्प्लीनियल भागात होत असावे, असे बहुतेक प्रतिमाने मानतात.

या भाषांतराचा सर्वांत हृद्य पुरावा मिलान शहरातून आला. बिसियाक व लुझात्ती (१९७८) यांनी मेंदूच्या उजव्या गोलार्धास इजा झालेल्या दोन रुग्णांना तेथील कॅथेड्रलसमोरचा चौक आठवून सांगायला लावले. कॅथेड्रलकडे तोंड केल्याचे कल्पून सांगताना डाव्या बाजूच्या इमारती सुटल्या. मग कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून उलट पाहत आहात असे समजा, म्हटल्यावर आधी सुटलेल्या इमारती त्यांनी सांगितल्या व आधी सांगितलेल्या सुटल्या. स्मृती शाबूत होती. चित्र ज्या बाजूने उभे करावे, तिची डावीकडची अर्धी बाजू रिकामी राहत होती.

खरा वाद मनाने दिशा बदलताना पडणाऱ्या कष्टाच्या कारणाबद्दल आहे. जागेवरच राहून मनाने पुढे सरकणे सोपे आणि मनाने वळणे अवघड, हे रीझर (१९८९) व पुढे प्रेसन आणि माँटेलो (१९९४) यांनी दाखवले. एका मतानुसार मनातली प्रतिमा फिरवण्यालाच वेळ लागतो. शेपर्ड व मेट्झलर (१९७१) यांच्या आकृती फिरवण्याच्या प्रयोगात कोन वाढला तसा वेळ वाढला होता. दुसरे मत असे, की शरीर आपली खरी दिशा सोडत नाही आणि कल्पिलेल्या दिशेत अडथळा आणते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डोळे बांधलेल्या माणसाला कल्पिलेल्या दिशेला प्रत्यक्ष वळू दिले, की अडचण बरीच ओसरते; निव्वळ प्रतिमा फिरवण्याचा भार असता तर पाय वळवून तो एवढा हलका झाला नसता. औत हाकणारा बैलांच्या मागे, त्यांच्याच दिशेला तोंड करून चालतो, त्यामुळे त्याचा डावा तोच बैलाचा डावा. समोरच्या बांधावरून ‘डावीकडचा ओढ’ असे ओरडणाऱ्याला मात्र मनातल्या मनात पूर्ण वळावे लागते, आणि चूक तिथेच होते. मनात वळण्याऐवजी पाठ फिरवून उभे राहिल्यास ती सहसा होत नाही.

भाषेचा वाटा किती, याविषयी एकमत नाही. ऑस्ट्रेलियातील गुगू यिमिथिर भाषिक डाव्या-उजव्याऐवजी मुख्य दिशाच वापरतात. भाषाशास्त्रज्ञ लेव्हिन्सन यांच्या मते त्यामुळे विचारही तसा घडतो. ली व ग्लाइटमन (२००२) यांनी यावर आक्षेप घेतला, की खोलीबाहेरच्या खुणा दिसतात की नाही यानेही उत्तर बदलते. भारतात वाराणसीच्या मुलांवर मिश्र व दासेन यांनी काम केले असून, संस्कृत पाठशाळांतील मुले दिशांची भाषा अधिक वापरतात असे त्यांचे निरीक्षण आहे. दिशा तेथे रोजच्या विधींतच पाळाव्या लागतात.