‘टू गार्डनर्स’मागचं टपाल

‘टू गार्डनर्स’ हे पुस्तक जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात सापडलंच, तर बहुधा बागकामाच्या फळीवर सापडेल. कुंडीतल्या गुलाबाला खत कधी घालायचं हे शोधायला ते विकत घेणाऱ्याची मात्र निराशा होईल. कॅथरीन व्हाइट आणि एलिझाबेथ लॉरेन्स या दोन अमेरिकी बागवेड्या बायकांचा हा पत्रव्यवहार. एमिली हेरिंग विल्सन यांनी संपादित केलेलं हे पुस्तक २००२ मध्ये निघालं.

व्हाइटबाई ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात १९२५ पासून कथांच्या संपादक. मार्च १९५८ मध्ये त्यांचा बागेवरचा पहिला लेख आला. त्यात त्यांनी परीक्षण केलं ते चक्क बियाण्यांच्या कॅटलॉगांचं, आणि तेही कादंबरीला लावावी ती फूटपट्टी लावून. भाषा कुणाची नेटकी, विशेषणांची खैरात कुणाची, सगळं तपासलं. एका फुलाला दुसऱ्या फुलासारखं नटवणाऱ्या बियाणेवाल्यांवर त्यांचा विशेष राग. त्या काळी हे वेड खरंच फोफावलं होतं. बर्पी कंपनीने १९५४ मध्ये पांढऱ्याशुभ्र झेंडूच्या बियांसाठी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. ते कुणाला तरी द्यायला १९७५ उजाडलं. (दसऱ्याच्या तोरणात पांढरा झेंडू कोण ओवणार, हा भाग वेगळा.)

तो लेख वाचून त्याच वर्षी मे महिन्यात लॉरेन्सबाईंनी पत्र टाकलं. त्या नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या, बागरचनेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, स्थानिक वर्तमानपत्रात बागेवर सदर लिहिणाऱ्या. व्हाइटबाईंची बाग पार उत्तरेला, मेन राज्यात. तिकडे सगळं गोठलेलं असताना शार्लटला भर हिवाळ्यात फुलं. पत्रं १९७७ पर्यंत, म्हणजे व्हाइटबाई जाईपर्यंत चालली. गाठ पडली ती एकदाच.

या पुस्तकाचं कौतुक बहुतेकदा मैत्रीची गोष्ट म्हणून होतं. ते खरंच आहे, पण मला त्यामागची टपालाची व्यवस्था जास्त रंजक वाटते. १८९६ पासून अमेरिकी टपालखातं खेड्यापाड्यांत दारापर्यंत पत्रं पोचवू लागलं; १९१३ मध्ये पार्सलचीही सोय झाली. त्यामुळे कॅटलॉग, बिया, कंद, रोपं शेतघरांपर्यंत सहज जाऊ लागली. मे १९५८ मध्ये साध्या पत्राला तीन सेंट लागत. चौथा सेंट त्याच ऑगस्टमध्ये वाढला.

या टपालातला सगळ्यात मजेदार प्रकार म्हणजे ‘मार्केट बुलेटिन’. दक्षिणेतल्या राज्यांची शेतीखाती ही पत्रकं काढत. त्यांत खेचरं, शिकारी कुत्री, सुकं गवत यांच्या जाहिराती असत, आणि त्यांच्याच शेजारी शेतकरी बायकांच्या फुलझाडांच्या. पैसे पाठवले की रोप किंवा कंद घरपोच येई. लॉरेन्सबाईंना मिसिसिपीच्या बुलेटिनची गोडी लावली ती लेखिका यूडोरा वेल्टी यांनी. मग लॉरेन्सबाई त्या जाहिरातवाल्या बायकांनाच पत्रं लिहू लागल्या. उत्तरात झाडाच्या माहितीबरोबर घरातली आजारपणं, पावसाची रड, गेलेल्या माणसांच्या आठवणी असं काहीही येई. झाडांची नावं गावठी, आजीने सांगितलेली. एकाच नावाखाली दोन गावांत दोन वेगळी झाडं. त्यांचं शास्त्रीय नाव हुडकायचं, तर आधी रोप मागवायचं, लावायचं आणि ते फुलायची वाट बघायची.

व्हाइटबाईंचे बागेवरचे लेख त्यांच्या पश्चात पती ई. बी. व्हाइट यांनी १९७९ मध्ये पुस्तकरूपात आणले. लॉरेन्सबाईंचं बुलेटिनवरचं लिखाण वर्षानुवर्षं रेंगाळलं. १९८५ मध्ये त्या गेल्या तेव्हाही ते अपुरंच होतं. बागेवर लिहिणारे अॅलन लेसी यांनी ते हस्तलिखित लावून १९८७ मध्ये छापलं. पत्रं वाचून झाल्यावर मिळालं तर तेही वाचावं. त्या शेतकरी बायका पत्रांपेक्षा तिथे जास्त भेटतात.