क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजण्याचा)

बंदुकीतून सुटलेली गोळी किंवा छर्रा किती वेगानं गेला ते मोजायचं यंत्र. नेमबाजीच्या रेंजवर नुसतं ‘क्रोनो’ म्हणतात. नाव ग्रीक, अर्थ ‘वेळ लिहिणारा’, पण आताचं यंत्र लिहीत काही नाही, आकडा दाखवतं.

वेग पहिल्यांदा कुणी मोजला यावर एकमत नाही. बहुतेक जण इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सचं नाव घेतात, त्यानं १७४२ च्या पुस्तकात लोलकाची रीत दिली, म्हणजे टांगलेल्या जड लोलकावर गोळी मारायची आणि तो किती झुलला त्यावरून वेग काढायचा. काही जण १७०७ च्या सुमाराला फ्रान्सच्या धाकट्या कासिनीला (खगोलशास्त्रज्ञ झाक कासिनी) ही कल्पना सुचली म्हणतात. पण सुचणं वेगळं आणि गोळ्या झाडून आकडे काढणं वेगळं, म्हणून माप रॉबिन्सकडेच झुकतं. (हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामाला मद्रासकडे आला आणि १७५१ मध्ये तिकडेच वारला.) प्रत्यक्ष वेळ मोजणारं यंत्र म्हणून नाव झालं ते बेल्जियन अधिकारी ल बुलांजे याच्या यंत्राचं, साधारण १८६० च्या दशकातलं. गोळीनं पहिली तार तोडली की विद्युतचुंबकाला लटकलेली लांब दांडी सुटायची, दुसरी तुटली की छोटं वजन पडून सुरी सुटायची आणि पडत्या दांडीवर खूण व्हायची, खुणेच्या उंचीवरून वेळ निघायचा.

आताच्या साध्या क्रोनोत एकमेकांपासून एक फुटावर दोन प्रकाश-सेन्सर असतात, वरून गोळीची सावली गेली की घड्याळ चालू, दुसऱ्यावर बंद. १७५ मीटर प्रति सेकंद वेगाचा छर्रा हे अंतर पावणेदोन मिलिसेकंदात कापतो, त्यामुळे सेन्सर तीन मिलिमीटर जरी सरकला तरी आकडा एक टक्क्यानं चुकतो.

खानदेशात खरी कटकट उन्हाची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात ऊन थेट सेन्सरवर आलं की आकडा येतच नाही किंवा भलताच येतो, म्हणून वर पांढरी झडप लावतात. श्रावणातलं भरलेलं आभाळ मात्र एकदम बेस्ट. काडतुसं उन्हात तापली तर बारूद जोरात जळते नि वेग खरोखरच वाढतो, तो दोष यंत्राचा नाही. हॉलमध्ये ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्यानं सेन्सर फसतो, म्हणून तिथं वेगळा दिवा लागतो.

एअर रायफलवाल्यांना क्रोनो लागतो तो ऊर्जेच्या हिशोबाला: ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७५ नं गेला तर आठेक ज्यूल.

डॉप्लर रडारवाल्या (गोळीवरून परतणाऱ्या रेडिओ लहरींवरून वेग काढणाऱ्या) क्रोनोला ऊन-सावलीचं काही पडलेलं नसतं.