पॅल्युडेरियम : नाशिकच्या हवेतील निगा

पॅल्युडेरियम : दमट उष्णकटिबंधीय वनस्पती वाढवण्याची काचपेटी. टेरारियममध्ये नुसती ओलसर माती असते. इथे तळाशी पाणीही असते आणि छोटा पंप ते ओहळासारखे फिरवत ठेवतो. काचबंद लागवडीचा उगम लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या १८२९ मधील निरीक्षणात आहे. बंद बाटलीतल्या ओल्या मातीत त्यांना नेचा उगवलेला दिसला. पुढे अशाच पेट्यांतून चहाची रोपे चीनहून भारतात आली.

या पेटीत झाडे तहानेने क्वचितच मरतात. मरतात ती मुळे गुदमरून. चिंब मातीत हवा उरत नाही आणि मुळे कुजतात. म्हणून माती पाण्याच्या पातळीच्या वरच हवी. खाली भाजलेल्या मातीच्या गोळ्या, त्यांवर बारीक जाळी, मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेली भुसभुशीत माती. तरीही मातीची कड पाण्याला टेकली, की ती ओल वर खेचतच राहते, म्हणून ओहळाच्या काठाला माती नकोच. तिथे दगडावर किंवा लाकडावर अनुबियास, जावा फर्न दोऱ्याने बांधावेत. त्यांचे आडवे खोड मात्र पुरू नये, ते सडते. फिटोनिया आणि पेपेरोमिया उंच, निचऱ्याच्या जागी शोभतात आणि टिकतातही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथे तिन्ही ऋतू पेटीला वेगळे वागवतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने आटते. बोअरचे जड पाणी वरचेवर भरत गेल्यास क्षार साठून पानांवर पांढरे डाग पडतात, सजावटीचे शेवाळ (मॉस) तपकिरी होते. त्यामुळे नुसती भर न घालता थोडे जुने पाणी काढावे. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. पावसाळ्यात बुरशीचा धोका असतो. झाकण किलकिले ठेवून हवा खेळती करावी. थंडीत रात्रीचा पारा कधी १० अंशांखाली जातो, तेव्हा मत्स्यपेटीचा हीटर पाण्यात ठेवल्यास वरची हवाही उबदार राहते.

सजावटीला इथला काळा बेसॉल्ट उत्तम. मात्र त्याच्या पोकळ्यांत पुष्कळदा कॅल्साइटचे स्फटिक असतात आणि ते पाणी जड करतात. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस आला, तर तो दगड वगळावा. शेवाळ सावलीतल्या कुंपणभिंतीवरचे घ्यावे. अंजनेरीच्या कातळावरचे कदापि खरवडू नये: तो डोंगर संवर्धन राखीव आहे आणि सेरोपेजिया अंजनेरिका या दुर्मीळ वनस्पतीचे ते घर आहे.