आरमधील फंक्शन कोणत्या पॅकेजचे? : पार्श्वभूमी

आर या संख्याशास्त्रीय संगणनाच्या भाषेत जोडलेली पॅकेजेस (तयार फंक्शनांचे संच) ठरावीक क्रमाने तपासली जातात आणि नाव जिथे प्रथम सापडेल तेथील फंक्शन वापरले जाते. ही पद्धत एस या पूर्वसूरी भाषेकडून आली. शेवटी जोडलेले पॅकेज या क्रमात पुढे बसत असल्याने आधीच्या पॅकेजमधील त्याच नावाचे फंक्शन झाकले जाते.

२००३ मध्ये १.७.० या आवृत्तीत नेमस्पेस (प्रत्येक पॅकेजच्या नावांसाठीचा स्वतंत्र कप्पा) आले, परंतु सर्व पॅकेजेसना ते अनिवार्य झाले ते थेट २०११ मध्ये, २.१४.० पासून. एवढा विलंब टाळायला हवा होता. दरम्यान २००४ मध्ये, १.९.० या आवृत्तीत, बेस पॅकेजची विभागणी झाली आणि टीएस, एनएलएस, एमव्हीए ही स्वतंत्र पॅकेजेस स्टॅट्स या पॅकेजमध्ये विलीन झाली. त्यामुळे कालश्रेणीसाठीच्या फिल्टर फंक्शनचा पत्ताच बदलला.

२०१४ मध्ये डीप्लायर हे तक्त्यांतील माहिती हाताळण्याचे पॅकेज आले आणि त्याने स्टॅट्समधील फिल्टर व लॅग ही दोन्ही नावे वेगळ्या कामासाठी घेतली. जोडणीच्या वेळी तशी सूचना पडद्यावर येते खरी, पण लांबलचक स्क्रिप्टच्या आउटपुटमध्ये ती सहज नजरेआड होते. प्रचलित नावे पुन्हा वापरण्याच्या या निर्णयाचा भार प्रामुख्याने नवशिक्यांवर पडला, आणि हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे. नावांच्या अशा संघर्षावर नियम घालण्याची सोय मूळ भाषेत २०१९ च्या ३.६.० आवृत्तीत आली.

खरा गुंता 'मालकी'चा आहे. केवळ डीप्लायर जोडलेले असताना टिबल हे तक्ता तयार करणाऱ्या फंक्शनचे नाव फाइंड आज्ञेने शोधले, तर उत्तर डीप्लायर असे मिळते. मात्र त्याच फंक्शनचे एन्व्हायर्न्मेंट (ते जिथे तयार झाले ती जागा) विचारले असता टिबल या पॅकेजचे नेमस्पेस दिसते, कारण डीप्लायर ते केवळ पुन्हा निर्यात करते. पहिले उत्तर नाव कुठून उपलब्ध झाले ते सांगते, दुसरे फंक्शन कुठे लिहिले गेले ते. दोष शोधताना दुसरेच ग्राह्य धरावे. फाइंड फक्त जोडलेली पॅकेजेस पाहते, गेटएनीव्हेअर ही आज्ञा स्मृतीत असलेली, पण न जोडलेली नेमस्पेसही धुंडाळते, तर दुहेरी प्रश्नचिन्हाने संगणकावर बसवलेल्या सर्व पॅकेजेसच्या मदतपानांत शोध घेता येतो. कायमस्वरूपी संहितेत मात्र 'स्टॅट्स::फिल्टर' असे पॅकेजसह पूर्ण नाव लिहिणे हाच खात्रीचा मार्ग आहे.