मोरचूद, चुना आणि लोखंडी विळा

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की आपल्याकडच्या शाळांमध्ये ज्वालामुखींचे उद्रेक सुरू होतात. मातीचा डोंगर, पोटात बाटली, खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि थोडा लाल रंग. फेस वर आला की टाळ्या. मराठवाड्यात हे बघताना गंमत वाटते, कारण आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हाच आहे. पण तो विषय वेगळा. माझी तक्रार एवढीच, की फेस ओसरल्यावर लेकराला विचारावं, "ही अभिक्रिया कोणत्या प्रकारची?" तर उत्तर येतं, "सर, केमिकल."

दहावीला संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन हे अभिक्रियांचे चार प्रकार असतात. व्याख्या पाठ, उदाहरणं पाठ, समीकरणं पाठ. ज्या पोरांच्या घरी मोसंबीची बाग आहे, त्यांनासुद्धा कुणी सांगत नाही की पावसाळ्याच्या तोंडावर वडील बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, करायला बसतात तेव्हा यातले तीन प्रकार त्यांच्यासमोर घडतात आणि चौथा आधीच भट्टीत घडून गोणीतून आलेला असतो. जालना, अंबड, पैठण या पट्ट्यात मोसंबीच्या बुंध्याला जो निळसर-पांढरा लेप दिसतो, त्याबद्दल मी बोलतोय. डिंक्या रोगासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी अशी पेस्ट बुंध्याला लावतात. फवारायचं मिश्रण करायचं तर तेवढ्याच मालाला 100 लिटर पाणी.

आधी चुना. भट्टीत चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला तापवली की कॅल्शिअम कार्बोनेटचं कॅल्शिअम ऑक्साइड होतं आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. एकाचे दोन झाले, म्हणजे अपघटन. 100 ग्रॅम शुद्ध चुनखडीतून 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो, 44 ग्रॅम हवेत जातात. हा चुना पाण्यात टाकला की खदखदतो, वाफा निघतात. दोघांचं मिळून एक झालं, हा संयोग, आणि चांगलाच उष्मादायी. 1 किलो शुद्ध कळीचा चुना विरताना जी उष्णता सोडतो, तिच्यात साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. म्हणूनच चुना विरताना वाकून बघू नये. डोळ्यात थेंब उडाला तर कायमची इजा होऊ शकते.

मोरचूद विरघळवायची रीतही बघण्यासारखी आहे. खडे नुसते तळाशी टाकले तर तासन्‌तास तसेच पडून राहतात. जाणता माणूस ते फडक्यात बांधून पाण्याच्या वरच्या थरात लटकवतो. विरघळलेल्या मोरचुदाचं पाणी जड असतं. ते निळ्या धाग्यांसारखं खाली उतरत जातं आणि खड्यांभोवती सतत नवं पाणी येत राहतं. ढवळायची गरजच नाही. काचेच्या बरणीत केलं तर हे धागे डोळ्यांना स्पष्ट दिसतात. यात अभिक्रिया कुठलीच नाही, पण बघण्याचा मोह आवरत नाही.

मग दोन्ही द्रावणं तिसऱ्या भांड्यात एकत्र ओततात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, विरलेला चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. जोडीदारांची अदलाबदल होते. तांब्याच्या वाट्याला हायड्रॉक्साइड येतं, कॅल्शिअमच्या वाट्याला सल्फेट. हे दुहेरी विस्थापन. खरं तर तयार होणारा निळा साका निव्वळ कॉपर हायड्रॉक्साइड नसतो, त्यात सल्फेटचाही अंश अडकलेला असतो. पण दहावीच्या समीकरणापुरतं एवढं चालेल.

ओतणं झालं की म्हातारा शेतकरी विळा मागवतो. घासून लख्ख केलेलं पातं मिश्रणात बुडवायचं, थोडा वेळ थांबायचं आणि बाहेर काढायचं. पात्यावर तांबूस थर आला तर निकाल लगेच लागतो: "चुना कमी पडलाय, अजून वत." पातं स्वच्छ निघालं तर काम फत्ते. मला विचाराल तर अख्ख्या दहावीच्या रसायनशास्त्रात याहून देखणी परीक्षा नाही.

त्या पात्यावर काय घडतं? पाण्यात सुटे फिरणारे तांब्याचे आयन असतात, प्रत्येकावर दोन धन प्रभार. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडायला जास्त राजी. पात्यावरचा लोखंडाचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून स्वतः आयन बनतो आणि पाण्यात उतरतो. ते दोन इलेक्ट्रॉन धातूतून सरकत जाऊन तांब्याच्या एका आयनाला मिळतात, आणि तो धातू होऊन पात्याला चिकटतो. पाण्यातल्या तांब्याची जागा लोखंडाने घेतली, हे विस्थापन. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी घडायची गरज नाही. लोखंड एका जागी झिजतं, तांबं दुसऱ्या जागी बसतं, मधली ने-आण पातंच करतं. लोखंडाचं ऑक्सिडीकरण, तांब्याचं क्षपण, मिळून रेडॉक्स. इलेक्ट्रॉन घ्यायला कोण किती राजी हे व्होल्टमध्ये सांगणाऱ्या प्रमाण विद्युत विभवांच्या तक्त्यात लोखंड उणे 0.44 व्होल्टवर आहे आणि तांबं अधिक 0.34 वर. या 0.78 व्होल्टच्या फरकामुळे हा व्यवहार आपोआप एकाच दिशेने होतो. तांब्याचं पातं हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या सल्फेटच्या, पाण्यात कितीही वेळ बुडवा, त्यावर लोखंड चढणार नाही. वजनाचा हिशेबही मजेचा आहे. 56 ग्रॅम लोखंड जातं आणि 63.5 ग्रॅम तांबं येतं. म्हणजे झिजूनही पातं किंचित जड होतं, अर्थात सगळं तांबं चिकटून राहिलं तर.

आता खरा पेच. चुना पुरेसा पडला तरी मिश्रण निळंच असतं. तांबं कुठेही गेलेलं नाही, एक ग्रॅमही कमी झालेलं नाही. मग विळा स्वच्छ कसा निघतो?

मिश्रण काचेच्या ग्लासात घेऊन निवांत ठेवा. निळा साका तळाशी बसतो आणि वरचं पाणी बिनरंगी होतं. मोरचुदाच्या पाण्याचं असं कधीच होत नाही, ते महिनाभर ठेवलं तरी वरपासून खालपर्यंत निळंच राहतं. म्हणजे बोर्डोचा निळा रंग तरंगणाऱ्या घन कणांचा आहे, विरघळलेल्या तांब्याचा नाही. कॉपर हायड्रॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, लिटरमागे मिलिग्रॅमचा छोटासा अंश. विळ्याला लागतात सुटे आयन, आणि ते सगळे कणांमध्ये अडकलेले. दुसरं कारण असं, की चुन्याच्या पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि लोखंड इलेक्ट्रॉन सोडेनासं होतं. सिमेंट काँक्रीटमधली सळई वर्षानुवर्षं गंजत नाही ती याच थरामुळे.

सुटं तांबं पानाला जाळतं, म्हणून ते बांधून ठेवायचं. बुरशीचा बीजाणू ओल्या पानावर रुजायला लागतो तेव्हा त्याच्या आणि पानाच्या स्रावांमुळे या कणांतलं तांबं थोडं थोडं सुटतं आणि बीजाणूत शिरून त्याची विकरं बिघडवतं. ज्याला मारायचं तोच आपलं विष मोकळं करून घेतो.

ही युक्ती फ्रान्समधल्या बोर्डो भागातली. रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना चोरांनी हात लावू नये म्हणून तिथे मोरचूद-चुन्याचं काहीतरी शिंपडत असत. पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या 1882 मध्ये लक्षात आलं की केवडा रोगाने बाकीचे वेल गेले, पण रस्त्याकडेचे टिकले. 1885 मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं.

आता थोडा हिशेब, नको असेल त्याने हा परिच्छेद ओलांडावा. मोरचुदाच्या स्फटिकात पाणीही असतं, त्यामुळे त्याचा एक मोल म्हणजे साधारण 250 ग्रॅम. 1 किलोत 4 मोल. एका मोलाला चुन्याचाही एकच मोल लागतो, आणि कळीच्या चुन्याचा मोल 56 ग्रॅमचा. म्हणून तेवढ्याला कळीचा चुना लागतो 4 गुणिले 56, म्हणजे 224 ग्रॅम. मग शिफारस 1 किलोची का? एक तर चुना जास्त असलेला बरा, सुटं तांबं उरत नाही. आणि बाजारातला चुना शुद्ध नसतो. उघड्या गोणीतला चुना हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कार्बोनेट होत जातो, म्हणून जुना चुना बोर्डोला चालत नाही.

बोर्डोला जी खोड, तीच गवंड्याला वरदान. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर मोजक्या ठिकाणी आहे, भिंतींवर बरंचसं काम चुन्याच्या गिलाव्याचं. असा गिलावा नुसता वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो.

विळ्याच्या प्रयोगाचा गैरवापरही होतो. मोरचुदाचं रंगहीन द्रावण होत नाही, पण मातीच्या काळ्या गाडग्यात रंग कुणाला दिसतो? "मंतरलेल्या" पाण्यात खिळा बुडवून तो तांब्याचा करून दाखवणारा बाबा भानामतीच्या नावाने घाबरलेल्या घरात सहज खपतो. त्याला एवढंच म्हणावं, "महाराज, यात मूठभर चुना टाकून मग करून दाखवा." आणि दुसऱ्या टोकाला "केमिकलमुक्त" फळं विकणारे. बोर्डो मर्यादित प्रमाणात सेंद्रिय शेतीतही चालतं. मर्यादा अशासाठी, की तांबं कुजत नाही आणि जमिनीत साठत जातं. फ्रान्सच्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत ते आजही सापडतं.

शाळेत करायचं तर शिक्षकांसमोर, चष्मा लावून, आणि कळीच्या चुन्याऐवजी विरलेला चुना घेऊन. मोरचूद विषारी आहे, हात धुवा. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्या. पत्र्याची बादली घेतलीत तर विळ्याआधी तीच अभिक्रियेत उतरेल. तीन ग्लास मांडा: एकात नुसतं मोरचुदाचं पाणी, दुसऱ्यात अपुरा चुना, तिसऱ्यात भरपूर. तिन्हीत घासलेला खिळा सोडा आणि दुसऱ्या ग्लासात चिमूट चिमूट चुना वाढवत दर वेळी नवा खिळा बुडवून बघा. तांबूस थर नेमका कितव्या चिमटीला यायचा थांबतो, ते वहीत लिहा.