काजळी, डिंक आणि इस्फहानचा वाघ

गेल्या आठवड्यात मोबाइलवर एक फॉरवर्ड आला. जुन्या फारसी चित्राचा फोटो, आणि खाली दावा की ही शाई शेकडो वर्षं फिकी पडली नाही, कारण तिच्यात मोत्यांचं चूर्ण असून ती मंत्रवून तयार केलेली आहे. चित्र अप्रतिम होतं. दावा वाचून मात्र वाईट वाटलं, कारण त्या काळ्या रंगामागची खरी हकीकत मोत्यांपेक्षा कितीतरी देखणी आहे आणि ती कुणी सांगत नाही.

अशी चित्रं ज्या संग्रहांत जपलेली असतात त्यांना ‘मुरक्का’ म्हणतात. या अरबी शब्दाचा अर्थ ठिगळं जोडलेलं. सुफी फकिरांच्या ठिगळांच्या झग्यालाही हेच नाव आहे. थोडक्यात, कागदाची गोधडी. कुणा उस्तादाने नस्तलिक या लपेटदार फारसी लेखनशैलीत तिरप्या ओळींनी लिहिलेली चौपदी घ्यायची, दुसऱ्याच कुणीतरी काढलेलं हरीण किंवा सारस घ्यायचा, दोन्ही कापून एका पानावर खळीने चिकटवायचे आणि भोवती सोनेरी हाशिया, म्हणजे किनार, आखायचा. इराणच्या सफवी घराण्यातला राजपुत्र बहराम मिर्झा याच्यासाठी दोस्त मुहम्मद या कलावंताने 1544-45 मध्ये जुळवलेला मुरक्का आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात जहांगीर बादशहाचा मुरक्का आहे. त्यात बिहजाद या नामांकित फारसी चित्रकाराचे झुंजणारे दोन उंट आहेत आणि चित्रावरच्या मजकुरानुसार ते काढताना बिहजादने सत्तरी ओलांडलेली होती. ‘इस्लामी जगात प्राण्यांची चित्रं नव्हतीच’ असं म्हणणाऱ्यांनी हे उंट एकदा पाहावेत.

आता शाई. फारसी लेखनिकांत एक दोन ओळींचा पाठ चालत आला आहे: काजळीइतकाच हिराकस (लोहाचा हिरवट क्षार), दोन्हींच्या वजनाइतकं मायफळ (ओकच्या झाडावरची तुरट गाठ), तिन्हींच्या वजनाइतका डिंक, आणि मग मनगटाचा जोर. म्हणजे 1:1:2:4. कोरड्या मालातला निम्मा भाग नुसता डिंक! लिहायचं काळ्याने, मग एवढा डिंक कशाला?

घरी करून पाहा. दिव्याच्या ज्योतीवर बशी धरून काजळी धरा आणि ती पाण्यात टाका. ती वर तरंगत राहील. ढवळली तरी गुठळ्या होतील आणि थोड्या वेळाने गाळ खाली बसेल. काजळी म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. त्यांची जाडी काही दशक नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. कार्बनचा पृष्ठभाग पाण्याला जवळ करत नाही, आणि दोन कण शेजारी आले की व्हॅन डर वाल्स आकर्षणामुळे (अगदी जवळ आलेल्या रेणूंमधल्या ओढीमुळे) एकमेकांना घट्ट धरतात. गुठळी झाली की खेळ संपला. द्रवात कण किती वेगाने बुडतो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने हिशेब करू. बुडण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 25 नॅनोमीटर त्रिज्येचा सुटा कण दिवसाला जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग खाली जाईल, आणि पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत असल्यामुळे प्रत्यक्षात तो तरंगतच राहील. तेच कण शंभरपट त्रिज्येच्या भरीव गोळ्यात एकवटले तर वेग दहा हजारपट होतो, आणि एक सेंटिमीटर खोल दौत पंधरा-वीस मिनिटांत निवळते.

हे टाळतो डिंक. बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक म्हणजे फांद्या फुटलेल्या साखरेच्या लांबलचक साखळ्या, आणि त्यांना जोडलेलं थोडंसं प्रथिन, वजनाने सुमारे दोन टक्के. एवढंसं प्रथिन इथे फार मोठं काम करतं. त्याचा पाण्याला नको असलेला भाग कार्बनला चिकटतो, आणि साखरेच्या फांद्या बाहेर पाण्यात पसरतात. प्रत्येक कणाला जणू झुबकेदार कांबळं मिळतं. असे दोन कण जवळ आले की कांबळी एकमेकांत घुसू पाहतात. तिथे साखळ्यांना हालचालीला जागा कमी पडते, म्हणजे एंट्रॉपी (मांडणीची मोकळीक) घटते, आणि ते निसर्गाला नको असतं. शिवाय त्या दाट जागेत परासरणाने पाणी शिरतं. दोन्ही गोष्टी कणांना दूर ढकलतात. रसायनशास्त्रात याला स्टेरिक स्थिरीकरण म्हणतात. मनगटाच्या जोराने गुठळ्या फुटतात, डिंक त्या पुन्हा होऊ देत नाही. पाठात दोन्ही आहेत.

याला ‘प्राचीन नॅनोतंत्रज्ञान’ म्हणणं त्या कारागिरांवर अन्याय आहे. त्यांना कण दिसत नव्हते. त्यांना खलातला घट्टपणा कळत होता आणि कलमाखाली उतरणारी धार कळत होती, आणि ते ज्ञान पुरेसं होतं.

काजळीचा काळेपणा टिकतो तो कार्बनवर प्रकाशाचा जवळपास काही परिणाम होत नाही म्हणून. पण ती तंतूंच्या वरच बसते. नुसत्या काजळीच्या शाईने लिहिलेलं ओल्या बोळ्याने पुसता येतं. हिराकसातलं लोह आणि मायफळातलं टॅनिन मिळून होणारा काळा पदार्थ तंतूंत मुरतो, पण त्याच्याबरोबर तयार होणारं आम्ल कागद पोखरू शकतं.

कागदावरही मेहनत असे. त्याला पिष्टाची खळ देऊन अकीकाच्या दगडाने घोटायचं, म्हणजे तंतूंमधल्या केशनलिका बुजतात आणि शाई फुटत नाही. अशा कागदावर तिरपा तासलेला बोरू जाड-बारीक अक्षर काढतो, आणि कुंचल्याची टोकाची लव हरणाचा कान. ‘कागद’, ‘कलम’, ‘दौत’ आणि ‘सियाही’वरून आलेली ‘शाई’ हे शब्द आपल्याकडे फारसीच्याच वाटेने आले.

बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात मुईन मुसव्विर या इराणी चित्रकाराचा 1672 चा एक कागद आहे. बुखाऱ्याच्या राजदूताने इराणच्या शाह सुलेमानला नजर करायला आणलेला वाघ राजधानी इस्फहानमध्ये एका वाण्याच्या पोऱ्यावर झेपावला. तो मुलगा तासाभरात गेला. मुईनने ते दृश्य स्वतः पाहिलेलं नव्हतं, ऐकून रेखाटलं, आणि वाघाच्या शेजारच्या मोकळ्या जागेत सगळी हकीकत लिहून काढली. पुढे त्याच ओघात हेही लिहिलं की या हिवाळ्यात अठरा वेळा जबर बर्फ पडलं, लोक ते उपसून थकले आणि सरपण महाग झालं.