मंदीच्या आधीची मंदी

अमेरिकेतल्या महामंदीची गोष्ट बहुतेक वेळा ऑक्टोबर १९२९ च्या शेअर बाजारापासून सांगायला घेतात. त्याआधीचं दशक म्हणजे जॅझ, मोटारी, चोरटी दारू आणि बघता बघता श्रीमंत झालेले सटोडिये. यातलं काही खोटं नाही. पण त्याच देशात तेव्हा तीन कोटींवर माणसं शेतावर राहत होती आणि त्यांची मंदी १९२० मध्येच सुरू झाली होती. ही नऊ वर्षं वगळली तर महामंदी कळतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

मूळ आहे पहिल्या महायुद्धात. युरोपातल्या शेतांची रणांगणं झाली, रशियाचा गहू बाहेर पडेना आणि मित्रराष्ट्रांची सगळी भिस्त अमेरिकेच्या धान्यावर आली. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली तेव्हा सरकारने गव्हाला बुशेलमागे, म्हणजे साधारण २७ किलोंना, दोन डॉलरहून जास्त भावाची हमी दिली. अन्नपुरवठ्याचं खातं पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूव्हर यांच्याकडे होतं. कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटातल्या शेतकऱ्यांनी कुरणं नांगराखाली आणली, चढ्या भावाने जमिनी घेतल्या, अवजारं घेतली. पैसा अर्थातच बँकेचा. १९१० ते १९२० या काळात शेतजमिनीवरचं गहाणकर्ज दुपटीहून अधिक वाढलं.

१९२० मध्ये हमीभाव संपला. युरोपातली शेतं पुन्हा पिकू लागली होती. त्यातच फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर चढवले. १९२१ च्या अखेरीस गहू एक डॉलरच्या आसपास आला. १९१९ मध्ये पौंडाला, म्हणजे साधारण अर्ध्या किलोला, ३५ सेंटपर्यंत गेलेला कापूस पुढच्याच हंगामात निम्म्याहून खाली घसरला. कर्जाचा आकडा मात्र जागचा हलला नाही. हे दुष्टचक्र आपल्याकडे आधीच येऊन गेलं होतं: अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच तो कोसळला आणि मागे राहिलेल्या कर्जाच्या ओझ्यातून १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्धचे दंगे पेटले.

कारखाने १९२२ पर्यंत सावरले, शेती सावरली नाही. मागणी घटली की कारखानदार यंत्रं थांबवतो. शेतकऱ्याला हप्ता भरायचा असतो, म्हणून भाव पडला की तो आणखी पेरतो. सगळेच पेरतात आणि भाव आणखी पडतो. ट्रॅक्टर आले तसे घोडे कमी झाले आणि घोड्यांच्या चाऱ्याखालची जमीनही विकाऊ पिकांकडे वळली. दक्षिणेत बोंड पोखरणाऱ्या सोंडकिड्याने कापूस खाल्ला. तिथले बटाईने कसणारे कृष्णवर्णीय शेतकरी, वंशद्वेषाचा जाचही मागे टाकत, शिकागो आणि डेट्रॉइटची वाट धरू लागले.

१९२० च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या पहिल्यांदाच निम्म्याच्या वर गेली. शहरात हप्त्यांवर रेडिओ, धुलाई यंत्र, फोर्डची मोटार मिळत होती. शेतावरच्या दहातल्या नऊ घरांत दशक संपेपर्यंत वीजही पोचली नव्हती. आपला देश हातातून निसटतोय, ही भावना अनेक गोऱ्या प्रोटेस्टंट घरांत घर करून बसली. दारूबंदीचा हट्ट, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी संघटनेचा फैलाव आणि १९२४ चा परदेशी स्थलांतरावर कडक मर्यादा घालणारा कायदा यांना तिने बळ दिलं, मात्र क्लॅन शहरांतही जोरात होती हे विसरू नये. याची झळ भारतीयांनाही बसली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेत राहणारे शीख भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं आणि कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांचा स्वतःच्या नावावर जमीन ठेवण्याचा हक्क गेला.

वॉशिंग्टनमध्ये अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी श्रीमंतांवरचा सर्वोच्च आयकर ७३ टक्क्यांवरून २५ वर आणला. १९२२ च्या आयातकराने कारखानदारांना संरक्षण दिलं. शेतकऱ्याला अवजारं महाग पडली आणि माल मात्र जगाच्या भावाने विकावा लागला. शेतकऱ्यांच्या बाजूच्या खासदारांनी सहकारी संस्थांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळवून दिली, हे मोठंच काम. जास्तीचं पीक सरकारने रास्त भावाने घेऊन परदेशात विकावं, असं मॅकनॅरी-हॉगेन विधेयकही काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दोनदा मंजूर केलं. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२७ आणि १९२८ मध्ये दोन्ही वेळा ते फेटाळलं. अशाने उत्पादन आणखी वाढेल, हा त्यांचा आक्षेप चुकीचा नव्हता. पण पर्यायी इलाज त्यांनी दिला नाही, आणि हा दोष मला जास्त मोठा वाटतो.

गावोगावच्या बँका आतून पोकळ होत गेल्या. अनेक राज्यांत बँकेला शाखा काढायला मनाई होती, त्यामुळे एका तालुक्याचं पीक गेलं की तिथली बँकही जायची. ठेवींना देशव्यापी विमा नव्हता. १९२१ ते १९२९ दरम्यान पाच हजारांहून अधिक बँका बुडाल्या, बहुतेक खेड्यापाड्यांतल्या. न्यूयॉर्कच्या बाजाराला त्याचं काही वाटलं नाही.

मार्च १९२९ मध्ये हूव्हर राष्ट्राध्यक्ष झाले. जूनमध्ये त्यांनी शेतमालाचे भाव सावरण्यासाठी ५० कोटी डॉलरच्या निधीचं मंडळ स्थापण्याच्या कायद्यावर सही केली. मंडळाचं काम सुरू होऊन चार महिने होत नाहीत तोच बाजार कोसळला. मंडळाने गहू आणि कापूस विकत घेऊन पाहिला, पैसे संपत आले तशी १९३१ मध्ये गव्हाची खरेदी थांबवली. पुढच्या वर्षी गहू ४० सेंटच्याही खाली गेला.